मुलांच्या वर्तनाबाबत शाळेतल्या सगळ्यांना कसं तयार करायचं: नव्या मुख्याध्यापकांसाठी

मुख्याध्यापकपदाचा पदभार घेतला की पहिल्याच महिन्यात एक गाऱ्हाणं हमखास कानावर येतं: मुलं ऐकत नाहीत. आठवीचा वर्ग आवरत नाही, पोषण आहाराच्या रांगेत ढकलाढकली होते, शाळा सुटताना जिन्यात कुणीतरी पडतं. अशा वेळी एखाद्या तज्ज्ञाचं व्याख्यान ठेवावं असं वाटतं. व्याख्यान चांगलं होतं, सगळे माना डोलावतात, आणि सोमवारी जिन्यात पुन्हा तीच गर्दी असते. रागावलेल्या मुलासमोर उभं राहिल्यावर ऐकलेलं आठवत नाही, अंगवळणी पडलेलं तेवढंच बाहेर येतं. ब्रूस जॉइस आणि बेव्हर्ली शॉवर्स या अमेरिकी अभ्यासकांनी १९८०च्या दशकात शिक्षक-प्रशिक्षणाबद्दल हेच मांडलं होतं. नुसती माहिती दिल्याने वर्गातलं काम फारसं बदलत नाही. ते बदलायला करून दाखवावं लागतं, करून घ्यावं लागतं आणि नंतर शाळेतच कुणीतरी सोबत करावी लागते.

त्यामुळे हे काम एका दिवसाचं नाही, हे आधीच धरून चाला. खालचा क्रम जिल्हा परिषदेच्या चार शिक्षकी शाळेतही चालतो आणि संस्थेच्या मोठ्या हायस्कूलमध्येही. फक्त माणसं आणि वेळा बदलतात.

पहिली पायरी: आठवडाभर फक्त पाहा

प्रशिक्षण ठरवण्याआधी एक साधी वही करा. गडबड कधी झाली, कुठे झाली, त्याच्या अगदी आधी काय चाललं होतं आणि मोठ्यांनी त्यावर काय केलं, असे चार रकाने पुरतात. मुलांची नावं लिहू नका. नाव आलं की वही त्या मुलाविरुद्धची तक्रार बनते आणि बघण्याचं काम बाजूला राहतं. आठवडा संपल्यावर वही वाचलीत तर दिसेल की गडबड दिवसभर सारखी पसरलेली नसते. ती ठरावीक जागी आणि ठरावीक वेळी साठलेली असते: तास बदलताना, मधली सुट्टी संपल्यावरच्या पाच मिनिटांत, पाण्याच्या टाकीपाशी, ताटं धुताना, शिक्षक रजेवर असलेल्या वर्गात. पावसाळ्यात मैदान बंद झालं की व्हरांड्यात.

जेकब कौनिन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने वर्गांचं चित्रीकरण करून केलेला अभ्यास १९७० मध्ये प्रसिद्ध झाला. गडबड झाल्यावर शिक्षक कसे रागावतात ते त्याने आधी तपासलं. नीट चालणारे वर्ग आणि विस्कटलेले वर्ग यांच्यात त्या बाबतीत त्याला विशेष फरक सापडला नाही. फरक सापडला तो गडबड होण्याआधीच्या कामात. बाईंची नजर सगळ्या वर्गावर आहे हे मुलांना जाणवणं, एक काम संपून दुसरं सुरू होताना खोळंबा न होणं, एका मुलाशी बोलतानाही बाकीच्यांचं काम चालू राहणं. नव्या मुख्याध्यापकांनी या प्रशिक्षणातून एकच गोष्ट घ्यायची झाली तर ही घ्यावी. शिक्षा कोणती द्यायची यावर तासभर वाद घालण्यापेक्षा मधल्या सुट्टीनंतरची पाच मिनिटं कशी बसवायची यावर तासभर दिलेला बरा.

दुसरी पायरी: कुणाकुणाला बसवायचं

सगळ्यांना. शिक्षक तर आहेतच, पण लेखनिक, शिपाईमामा, प्रयोगशाळेतले परिचर, स्वयंपाकी मावशी आणि मदतनीस, स्वच्छतेचं काम करणारे, तासिका तत्त्वावरचे शिक्षक आणि शाळेच्या बसवरच्या ताईसुद्धा. मूल शाळेत पाऊल टाकतं तेव्हा त्याला पहिली हाक शिपाईमामांची येते, आणि रांगेत त्याच्याशी शेवटचा शब्द मावशी बोलतात. वर्गात आपण 'अरे बाळा' म्हणायचं आणि ताटं वाढताना त्याच मुलाला 'ए काळ्या' ऐकू यायचं, तर मुलाला शाळेचे दोन नियम दिसतात. ते कुठला खरा मानतं हे सांगायला नको.

वेळ ठरवताना मावशींचा विचार आधी करा. सकाळपासून दुपारपर्यंत त्यांच्या हाताला उसंत नसते, म्हणून शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर दीड तास ठेवणं बहुतेक ठिकाणी जमतं. पहिल्या बैठकीसाठी जूनमध्ये शाळा उघडण्याआधीचे दिवस सर्वांत चांगले. विदर्भात शाळा उशिरा उघडतात, तिथे तेवढी सवड जास्त मिळते. तीन बैठका ठेवा आणि दोन बैठकांमध्ये किमान पंधरवडा जाऊ द्या. मधल्या काळात लोकांनी काहीतरी करून पाहिलेलं असलं पाहिजे. सगळ्यांना गोलात बसवा, एकसारख्या खुर्च्यांवर. मामा दाराशी उभे आणि शिक्षक बसलेले, अशी बैठक कामाची नाही.

पहिली बैठक: कायदा, स्पष्ट शब्दांत

यावर अर्धा तास पुरे, पण टाळू नका. शिक्षण हक्क कायदा २००९ चा. तो १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. त्याच्या कलम १७ नुसार मुलाला शारीरिक शिक्षा आणि मानसिक त्रास, दोन्हींना मनाई आहे, आणि हे कलम मोडणाऱ्यावर सेवानियमांनुसार शिस्तभंगाची कारवाई होते. कलम १६ नुसार प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत कुठल्याही मुलाला शाळेतून काढता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने पाचवी आणि आठवीच्या परीक्षेबाबत बदल झाला, पण काढून न टाकण्याची तरतूद तशीच राहिली. म्हणजे 'उद्या दाखला हातात देईन' ही धमकी आठवीपर्यंत खोटी आहे, आणि खोटी धमकी मुलं फार लवकर ओळखतात.

कुणीतरी नक्की म्हणेल की नववी-दहावीला हा कायदा लागू नाही. त्यांना बाल न्याय कायदा, २०१५ सांगा. त्यात अठरा वर्षांपर्यंत सगळी मुलंच आहेत. कलम ७५ नुसार ताब्यातल्या मुलाला मारहाण करून किंवा छळून विनाकारण त्रास देणं हा गुन्हा आहे. मुलांची जबाबदारी ज्यांच्यावर आहे अशा संस्थेतल्या कर्मचाऱ्याने तो केला तर पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि पाच लाखांपर्यंत दंड होऊ शकतो.

हे सांगताना भीती घालण्याचा सूर नको. केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात शाळेत जाणाऱ्या ६५ टक्के मुलांनी मार खाल्ल्याचं सांगितलं होतं. म्हणजे बैठकीतल्या बहुतेकांनी स्वतःही लहानपणी खाल्लेला असणार. 'आम्ही मार खाऊनच शिकलो' असं कुणी म्हणालं तर त्यांना खोडून काढू नका. त्या माराच्या दिवशी नेमका कोणता धडा शिकलात, असं विचारा आणि बोलू द्या. धड्याचं नाव कुणालाच आठवत नाही. सरांचा चेहरा, भरलेला वर्ग आणि लाज आठवते. या बोलण्यातून जे निघतं ते कलमं वाचून निघत नाही.

मग फळ्यावर मिळून यादी करा: कोणती गोष्ट शिक्षा नाही असं आपण समजतो, पण ती शिक्षाच आहे? कोंबडा करणं, उठाबशा, उन्हात उभं करणं, बाकावर उभं करणं, बाथरूमला न सोडणं, सगळ्या वर्गापुढे गुण वाचून हसणं, खेळाचा तास बंद करणं. वस्ती, तांडा किंवा पाड्यावरून बोलणं यात सगळ्यात वर लिहा. आणि पोषण आहाराचं ताट कुठल्याही कारणासाठी रोखायचं नाही, हे त्या फळ्यावर वेगळ्या खडूने लिहा.

दुसरी बैठक: वागण्यामागे काय आहे

पहिल्या आठवड्यातली ती वही आता बाहेर काढा. त्यातला एक प्रसंग घ्या आणि तीन प्रश्न विचारा: याच्या आधी काय झालं, मुलाने काय केलं, त्यानंतर त्याला काय मिळालं?

समजा, सातवीतला एक मुलगा गणिताच्या तासाला रोज शेजाऱ्याला टोचतो. बाई चिडून त्याला वर्गाबाहेर उभं करतात. बाईंच्या मते ही शिक्षा झाली. मुलाच्या दृष्टीने मात्र भागाकारातून सुटका झाली, तीही दोन मिनिटांत. उद्या तो पुन्हा टोचेल, कारण हा उपाय त्याच्या कामी आला. खरा प्रश्न भागाकाराचा आहे आणि तो तिसरी-चौथीत अडकलेला आहे. दुसरा एखादा मुलगा तेच टोचणं सगळ्यांनी हसावं म्हणून करत असेल. त्याला बाहेर काढल्यावर दारातून हशा मिळवणं अजून सोपं जातं. वागणं एकच, कारणं दोन, म्हणून उपायही दोन. पहिल्याला सोपी दोन गणितं द्या आणि शेजारी बसून सोडवून घ्या. दुसऱ्याला वर्गापुढे यायचं खरं काम द्या, रोज, आणि ते त्याने टोचण्याआधी.

इथे शिक्षकांना गटात बसवून आपापल्या वर्गातला एकेक प्रसंग असा उलगडायला लावा. घाई करू नका, या बैठकीचा जीव इथेच आहे. 'तो मुळातच तसा आहे' हे वाक्य आलं की थांबवा आणि विचारा: कोणत्या तासाला तसा नसतो? प्रत्येक मुलाचा असा एखादा तास असतो. त्या तासाचे शिक्षक खोलीतच बसलेले असतात आणि ते काय वेगळं करतात हे पहिल्यांदाच सगळ्यांसमोर येतं.

शरीराची कारणंही तपासायला शिकवा. सकाळी न खाता आलेलं मूल अकराच्या सुमाराला चिडचिडं होतं. फळ्यावरचं न दिसणारं मूल शेजाऱ्याच्या वहीत डोकावतं आणि 'कॉपी करतो' म्हणून बोलणी खातं. कमी ऐकू येणारं मूल 'ऐकतच नाही' ठरतं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत तपासणीला येतं तेव्हा अशा मुलांची नावं आपण आधीच काढून ठेवली पाहिजेत. बीड, अहिल्यानगरकडच्या शाळांत ऊसतोडीहून परतलेली मुलं कित्येक महिन्यांचा अभ्यास बुडवून बसतात आणि वर्गातली त्यांची जागाही दुसऱ्याने घेतलेली असते. मेळघाटात घरी कोरकू बोलणारं मूल मराठी सूचना कळली नाही म्हणून गप्प राहतं आणि त्याला आपण हट्टी म्हणतो. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडला गुरं राखणाऱ्या आदिवासी मुलांसाठी शाळाच कुरणात नेली होती. मूल येत नाही, बसत नाही, तर आधी आपली मांडणी तपासायची, ही रीत आपल्याकडे जुनी आहे.

तिसरी बैठक: शब्द आणि सराव

या बैठकीत कमी बोलायचं आणि जास्त करून पाहायचं. सुरुवातीला सगळ्या शाळेचे तीन नियम ठरवा, तीनच. 'शिस्त पाळा' हा नियम नव्हे, कारण ते दिसत नाही. 'जिन्यात चालायचं', 'एक बोलतो तेव्हा बाकीचे ऐकतात', 'हात आपल्यापाशी' हे नियम दिसतात. ते वाक्य मामांनी, मावशींनी आणि मुख्याध्यापकांनी त्याच शब्दांत म्हणायचं. मुलांना ते परिपाठात नुसते वाचून दाखवू नका. प्रत्येक वर्गाला जिन्यापाशी नेऊन चालायला लावा, अगदी दहावीलासुद्धा.

मग जोड्या करा. एकाने मूल व्हायचं, दुसऱ्याने शिक्षक किंवा मावशी. उशिरा आलेला मुलगा, 'मी नाही करणार' म्हणणारी मुलगी, रांगेत घुसणारा, दप्तरात मोबाइल सापडलेला. सुरुवातीला सगळ्यांना संकोच वाटतो, म्हणून पहिला प्रसंग मुख्याध्यापकांनी स्वतः करावा. सराव या गोष्टींचा घ्या:

नकाराऐवजी काय करायचं ते सांगणं. 'पळू नका' ऐवजी 'चाला'. 'गप्प बसा' ऐवजी 'आता पान ३२ वरचं चित्र बघा'.

लांबून ओरडण्याऐवजी जवळ जाणं. मुलाच्या बाकापाशी उभं राहिलं की बहुतेक वेळा शब्दही लागत नाही. शब्द लागलाच तर तो त्याला एकट्याला ऐकू जाईल इतक्या हळू. चारचौघांत टोकलेलं मूल मित्रांपुढे माघार घेऊ शकत नाही, आणि दहा-बारा वर्षांच्या पुढे तर नाहीच.

सूचना देऊन सरकणं. 'समीर, वही उघड. मी दोन मिनिटांत बघायला येते.' एवढं म्हणून बाईंनी खरंच दुसरीकडे जायचं. डोळ्यांत डोळे घालून उभं राहिलं की झुंज सुरू होते. ही गोष्ट नव्या शिक्षकांना सर्वांत अवघड जाते, म्हणून चार-पाच वेळा करून घ्या.

नेमकं कौतुक. 'शाबास, हुशार आहेस' यातून मुलाला पुढे काय करायचं ते कळत नाही. 'तू रांगेत लहान मुलीला पुढे जाऊ दिलंस, मी पाहिलं' यातून कळतं.

आणि काही वाक्यं आपल्या शाळेतून हद्दपार करायचं ठरवा. 'किती वेळा सांगायचं?', 'तुझा भाऊ बघ कसा होता', 'घरी हेच शिकवतात का?' यांना उत्तर नसतं आणि त्यातून मुलाच्या हाती काहीच लागत नाही.

या बैठकीत कुणीतरी विचारणारच, मग चुकीला काहीच परिणाम नाही का? आहे, आणि असलाच पाहिजे. तो चुकीशी जोडलेला हवा. पाणी सांडवलं तर पुसायचं, पुस्तक फाडलं तर बसून चिकटवायचं, वेळ वाया घालवला तर ते काम नंतर पूर्ण करायचं, कुणाला दुखावलं तर त्याच्याशी बोलून ते सावरायचं. संडास साफ करायला लावणं यात बसत नाही.

साठ मुलांच्या वर्गात हे कसं जमणार, हा प्रश्नही खरा आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या प्रमाणानुसार पाचवीपर्यंत तीस आणि सहावी ते आठवीला पस्तीस मुलांमागे एक शिक्षक हवा, आणि तसं अनेक ठिकाणी नाही. मोठ्या वर्गात मात्र ओरडण्याचा उपयोग आणखी कमी होतो आणि ठरलेल्या सवयींचा जास्त. वह्या वाटण्याची, रांग लावण्याची, शांत होण्याच्या खुणेची पद्धत जूनचे पहिले दोन आठवडे बसवली, अभ्यासक्रम थोडा मागे राहिला तरी, तर ती उरलेलं वर्षभर वेळ वाचवते.

भांडण पेटलं तर

हा सराव वेगळा घ्या, मैदानावर. आधी बघ्यांना हलवा, कारण प्रेक्षक गेले की भांडणाचा निम्मा जोर जातो. एका मुलाला पाठवून दुसऱ्या मोठ्या माणसाला बोलवा. आवाज खाली ठेवा, नावं घेऊन छोटी वाक्यं बोला. कॉलर धरू नका, दोघांच्या मधे उडी घेऊ नका. वेगळं केल्यावर दोघांना वेगवेगळ्या जागी बसवून पाणी द्या आणि लगेच 'का मारलंस' विचारू नका. राग चढलेला असताना मूल विचार करून उत्तर देऊ शकत नाही. निदान वीस-पंचवीस मिनिटं जाऊ द्या. मग एकेकट्याला विचारा: काय झालं, तेव्हा तुला काय वाटत होतं, कुणाला त्रास झाला, आता हे नीट कसं करायचं? बळजबरीचं 'सॉरी' घेऊ नका. दोघं परत वर्गात जातील तेव्हा वर्गशिक्षकांना आधी कळवा, म्हणजे दारातच पुन्हा चौकशी सुरू होणार नाही.

ही शिस्तीची बाब नाही

काही गोष्टी वर्तनाच्या खात्यात टाकल्या तर मुलाचा घात होतो. एकदम गप्प झालेलं मूल, एखाद्या माणसाला किंवा खोलीला टाळणारं, अंगावर जखमा असलेलं, 'जगून काय करायचं' म्हणणारं. अशा वेळी शिकवायचं ते हे: शांतपणे ऐका, 'कुणाला सांगणार नाही' असं वचन देऊ नका, खोदून खोदून विचारू नका, मुलाला पाच जणांपुढे तीच गोष्ट सांगायला लावू नका, आणि त्याच दिवशी मुख्याध्यापकांना कळवा. लैंगिक अत्याचाराची माहिती किंवा रास्त शंका असेल तर पॉक्सो कायदा, २०१२ च्या कलम १९ नुसार पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. आपल्या हाताखालच्या कर्मचाऱ्याचा गुन्हा संस्थाप्रमुखाने कळवला नाही, तर त्याला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. 'शाळेचं नाव खराब होईल' हे कारण कायद्याला मान्य नाही, आणि आपल्यालाही असू नये. २०२४ च्या ऑगस्टमध्ये बदलापूरच्या शाळेत लहान मुलींवरच्या अत्याचाराचं जे प्रकरण उघडकीला आलं त्यानंतर तरी हे प्रत्येक कर्मचाऱ्याला तोंडपाठ असलं पाहिजे. शाळेतली सखी सावित्री समिती, म्हणजे मुलांच्या सुरक्षेसाठीची समिती, नुसती कागदावर नाही ना, तक्रारपेटी कोण आणि कधी उघडतं, हे याच बैठकीत सगळ्यांसमोर तपासा. चाइल्ड हेल्पलाइन १०९८ आणि मानसिक आरोग्यासाठी टेलिमानस १४४१६ हे दोन क्रमांक मुलांच्या नजरेच्या उंचीवर लावा.

पालकांना काय सांगायचं

'सर, मारा त्याला, पण शिकवा' असं म्हणणारे वडील मुलाच्या भल्यासाठीच बोलत असतात. शिक्षकांनी त्यांना कायद्याची कलमं ऐकवू नयेत. 'मारल्याशिवायच शिकवू, मला तुमची मदत हवी. तो घरी कशात रमतो?' असं उत्तर सरावात बसवा. पालकांना फक्त तक्रारीसाठी बोलवायची पद्धत असेल तर ती मोडा. मुलाने काही चांगलं केल्याचा फोन घरी गेला पाहिजे, आणि पहिला फोन तोच असला पाहिजे. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालकच असतात. तीन नियम त्यांच्यापुढे मांडा, त्यांच्या सूचना खरोखर घ्या.

बैठकांनंतरचं काम

इथे बहुतेक शाळा थांबतात, आणि इथेच सगळं ठरतं. शिक्षकांच्या जोड्या करा. महिन्यातून एकदा प्रत्येकाने जोडीदाराच्या वर्गात दहा मिनिटं बसायचं आणि एकच गोष्ट बघायची, जसं की सूचना दिल्यावर बाई किती वेळ थांबतात. नंतर दोघांनी चहा घेता घेता बोलायचं. हे लॉगबुकात लिहायचं नाही आणि गोपनीय अहवालाशी जोडायचं नाही. जोडलं तर पुढच्या महिन्यापासून सगळे फक्त दाखवण्यापुरते वागतील.

दर शनिवारी पंधरा मिनिटं सगळे एकत्र या. वर्गाबाहेर पाठवलेली मुलं, मैदानावरची भांडणं आणि गैरहजेरी यांचे आकडे पाहा. आकडे वाढले तर कुणाला दोष देऊ नका, जागा आणि वेळ पुन्हा तपासा. एक नियम जमला की दुसऱ्याचा सराव घ्या. मावशींना विचारायला विसरू नका. रांगेत काय बदललं हे त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नसतं. काही हाती लागलं की आपल्या केंद्राच्या, म्हणजे जवळपासच्या शाळांच्या गटाच्या, शिक्षण परिषदेत मांडा, शेजारच्या शाळेलाही तेच प्रश्न आहेत.

सत्राच्या मधेच बदलीने किंवा तासिका तत्त्वावर कुणी नवीन येतं तेव्हा त्यांना पहिल्याच दिवशी आठवीच्या वर्गात एकटं सोडू नका. तीन नियम, हद्दपार केलेली वाक्यं, अडचण आली तर कुणाला हाक मारायची आणि ते दोन हेल्पलाइन क्रमांक एका पानावर लिहून द्या. पहिले तीन दिवस त्यांनी एका अनुभवी शिक्षकाच्या वर्गात मागच्या बाकावर बसावं, आणि मधल्या सुट्टीत मामांबरोबर जिन्यापाशी उभं राहावं.